जुन्या स्पोर्ट्स कारचे ओरिजिनल टायर: तारीख कशी वाचायची, जपायचे कसे आणि गाडी चालवायची कशावर

पुढचं वाचायच्या आधी मोबाइलचा टॉर्च घ्या, गाडीपाशी जा, खाली बसा आणि टायरच्या बाजूवर डीओटी (DOT, अमेरिकी वाहतूक खात्याची खूण) ही तीन अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ असते, तिच्या टोकाला असलेले आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. शेवटी चार आकडे असतील, समजा २३१८, तर तो टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा आहे, मग दिसायला कितीही काळाकुळकुळीत असू दे. ३८४ म्हणजे ३८वा आठवडा आणि कुठल्यातरी दशकातलं चौथं वर्ष, आता ते १९७४ की ८४ की ९४ हे आकडा सांगत नाही, ते टायरच्या मॉडेलवरून आणि गाडीच्या सालावरून काढावं लागतं, पण आकड्यांच्या पुढे छोटा त्रिकोण असेल तर नव्वदचं दशक समजायचं. आणि एक गोष्ट जी खूप जण विसरतात: पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू नेमकी आत, चेसीच्या दिशेला बसवलेली असते. मग पुढच्या चाकांचं स्टिअरिंग पूर्ण वळवून बघायचं, मागच्यांसाठी गाडी स्टँडवर घेऊन चाक काढायचं. नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली डोकं घालू नका.

चारही टायर आणि स्टेपनी, पाचही आकडे वहीत लिहा. पाचही लिहायचे, कारण जुन्या गाडीत बऱ्याचदा दोन टायर एका सालचे, दोन दुसऱ्या सालचे आणि स्टेपनी तिसऱ्याच जमान्याची निघते, आणि त्यातली स्टेपनी हीच फॅक्टरीतून आलेली असते. तिचा आठवडा गाडी बनलेल्या महिन्याच्या थोडा आधीचा निघाला तर तुमच्या हातात त्या गाडीचा एक खरा, मूळचा तुकडा आहे. त्याचं काय करायचं ते खाली येईलच.

आता मुद्दा. टायर झिजतो ते डोळ्याला दिसतं, टायर म्हातारा होतो ते दिसत नाही, आणि क्लासिक स्पोर्ट्स कारचा टायर जवळजवळ कधीच झिजून जात नाही, तो वयानेच जातो. गाडी वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालते, बाकी वेळ कव्हरखाली. वीस वर्षांनी ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा थर, सात मिलिमीटर शिल्लक, कायद्याची मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. आणि नेमका तोच टायर सगळ्यात धोक्याचा.

हे मी एकदा हाताने अनुभवलंय म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय. मित्राची ऐंशीच्या दशकातली टू-सीटर, जेमतेम चाललेली, टायर ओरिजिनल आणि ट्रेडवर नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस अजून शिल्लक. नव्वद-शंभरच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर यायची, त्याने दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं तरी जाईना. एकदा मी शेजारी बसलो होतो आणि थरथर अचानक धप-धप अशी व्हायला लागली, वेग कमी केला तरी धप-धप चालूच, फक्त सावकाश. बाजूला थांबलो, मी चाकाभोवती हात फिरवला आणि मागच्या डाव्या टायरवर एका जागी तळहाताएवढा उंचवटा लागला, बाकी टायरपेक्षा जास्त गरम. बाहेरून एक भेग नाही! नंतर टायर कापून पाहिला तर ट्रेडच्या खालचे दोन स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटले होते, मधलं रबर बोटांनी चोळलं की भुगा व्हायचं आणि तारांवर तांबडा गंज. आणखी पन्नास किलोमीटर तसेच गेलो असतो तर ट्रेडचा पट्टा सोलून निघाला असता.

असं का होतं तेही सांगतो, म्हणजे पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील. रबरावर दोन वेगळे हल्ले होतात. एक ओझोनचा, बाहेरून. त्याच्यापासून वाचायला टायरच्या रबरात मेण आणि ओझोनविरोधी केमिकल मिसळलेली असतात, टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि थर धरतात (जुन्या टायरवर जो तपकिरी थर दिसतो तो बराचसा हाच). उभ्या गाडीत टायर दबत-सुटत नाही, थर नवा होत नाही आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगांची जाळी उमटते. म्हणजे न वापरता ठेवलेला टायर चांगला राहतो हा समज उलटा आहे. दुसरा हल्ला ऑक्सिजनचा, तो आतून. आत दाबाखाली भरलेली हवा वर्षानुवर्षं आतल्या अस्तरातून कणाकणाने बाहेर झिरपते आणि जाताना स्टीलच्या पट्ट्यांभोवतीचं रबर कडक आणि ठिसूळ करत जाते. मित्राच्या टायरमध्ये हेच झालं होतं, म्हणून बाहेर काही दिसलं नाही. उष्णतेत हे सगळं लवकर होतं, त्यामुळे गरम जागेत उभी गाडी आणि थंड अंधाऱ्या गॅरेजमधली गाडी यांच्या सारख्याच वयाच्या टायरमध्ये खूप फरक पडतो.

आणि टायर फुटला नाही तरी ग्रिप जाते. रबर कडक झालं की ते रस्त्याच्या खरखरीतपणात शिरत नाही, वरवर घसरतं, कोरड्यात कमी जाणवतं पण ओल्या रस्त्यावर भयंकर. या गाड्यांत बहुतेक वेळा एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, चूक झाली तर सावरणारं जे काही आहे ते ते चार टायरच. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला त्याच्या तपासात मुख्य कारण वेग हेच सांगितलं गेलं, पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते हेही तपासात नोंदलं गेलं. नऊ. आपण इथे तीस-चाळीस वर्षांच्या टायरबद्दल बोलतोय.

किती वर्षं चालवायचा? मिशेलिनचं सांगणं असं की पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असला तरी बदला. काही गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहा वर्षंच म्हणतात. ब्रिटनने २०२१ पासून ट्रक, बस आणि कोचच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला कायद्यानेच बंदी घातली, खासगी कारला तो नियम लागू नाही पण रबर तर तेच ना. माझा स्वतःचा नियम साधा आहे, जोरात चालवायची गाडी असेल तर सात वर्षं, आरामात फिरवायची असेल तरी दहाच्या पुढे नाही, आणि यात मी कोणासाठी सवलत देत नाही.

दहाच्या आतल्या टायरची तपासणी घरी करता येते. दिवसाच्या उजेडात बघा, साइडवॉल आणि ट्रेडचा जो खांदा असतो तिथे, आणि ट्रेडच्या खाचांच्या तळाशी. साइडवॉलवरच्या केसासारख्या भेगा एकवेळ नजरेखाली ठेवता येतात, पण खाचेच्या तळाशी भेग दिसली किंवा भेगेत नखाची कड शिरते असं वाटलं तर विषय संपला. ट्रेडच्या ब्लॉकमध्ये नख दाबा, ताज्या रबरात ते थोडं रुततं, म्हाताऱ्या टायरवर प्लॅस्टिकच्या पाटीवर दाबल्यासारखं वाटतं. नखावर विश्वास नसेल तर रबराचा कडकपणा मोजणारा शोअर ए स्केलचा छोटा ड्युरोमीटर मिळतो, रस्त्यावरच्या नव्या टायरला साधारण साठ-सत्तरच्या आसपास आकडा येतो, ऐंशीच्या पुढे गेला की तो टायर ग्रिपसाठी मेलाच समजा. मग चाक उचलून हाताने फिरवा, एक पेन्सिल ट्रेडच्या अगदी जवळ स्थिर धरा आणि बघा की कुठे अंतर कमी-जास्त होतंय का. साइडवॉलवर फुगा, ट्रेडवर उंचवटा, बॅलन्सिंग करूनही न जाणारी थरथर, यातलं एक जरी असलं तरी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, चाक काढून न्या.

आता ते मूळचे टायर, ज्यांच्याबद्दल जीव तुटतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ते टाकायचेही नाहीत आणि चालवायचेही नाहीत. मूळ टायर हा त्या गाडीचा दस्तऐवज आहे, कुठल्या कंपनीचा, कुठल्या पॅटर्नचा, कुठल्या आठवड्यातला टायर फॅक्टरीने लावला होता हे नंतर दुसरं काहीही इतक्या खात्रीने सांगू शकत नाही. काही स्पर्धांमध्ये त्याचे गुणही असतात, कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारवाल्यांच्या एनसीआरएस सारख्या संस्थेच्या जजिंगमध्ये टायर मूळचे किंवा मूळच्यासारखे आहेत का ते बारकाईने बघतात. त्यामुळे बरेच जाणकार लोक दोन सेट ठेवतात, जमलं तर रिमसकट, एक प्रदर्शनासाठी आणि एक रस्त्यासाठी, आणि प्रदर्शनाला गाडी ट्रेलरवरून नेऊन तिथे चाकं बदलतात. हे थोडं कष्टाचं आहे पण मला तरी हाच एक प्रामाणिक मार्ग वाटतो.

काढताना आधी फोटो काढा, प्रत्येक टायर कुठल्या चाकावर होता, फिरण्याची दिशा कुठली, कोड काय, हे खडूने टायरच्या आतल्या बाजूला लिहा. चाळीस वर्षांच्या टायरची कड, जी रिमवर बसते, ती इतकी कडक झालेली असते की मशीनवर जोर लावला की फाटते, म्हणून मेकॅनिकला आधीच सांगा की हे टायर जपायचेत, सावकाश, भरपूर साबणाचं पाणी लावून आणि शक्यतो टायर ऊबदार असताना काढा. धुवायला साधं पाणी आणि सौम्य साबण. चकाकी आणणारे तेलकट स्प्रे अजिबात मारू नका, एक तर ते तो संरक्षक थर धुऊन काढतात आणि पेट्रोलियम असलेले तर रबरच खातात. नीट वाळवून प्रत्येक टायर जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून बाहेर काढा, चिकटपट्टीने बंद करा. जागा थंड, कोरडी, अंधारी हवी आणि कंप्रेसर, फ्रीज, वेल्डिंग मशीन यांच्यापासून लांब, कारण विजेच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो. रिमशिवायचे टायर उभे ठेवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवायचे, रिमवरचे असतील तर आडवे एकावर एक किंवा टांगून, आणि त्यातली हवा कमी करून एक बारच्या (साधारण १४.५ पीएसआय) आसपास, कारण ताणलेल्या रबराला भेगा लवकर पडतात.

रस्त्यासाठी नवीन टायर निवडताना पहिली अडचण मापाची. जुन्या टायरवर नुसतं १८५ व्हीआर १५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर आणि रिम १५ इंच, पण मधला प्रोफाइलचा आकडा, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के तो, नाहीच. तेव्हा तो न लिहिलेला आकडा साधारण ८० धरायचा. समजा दुकानदार म्हणाला की याला १९५/६५ आर १५ बसेल, रिमवर तो बसेलही, पण हिशोब करा: जुना टायर जवळपास ६७७ मिलिमीटर व्यासाचा, नवा ६३४ च्या आसपास. म्हणजे गाडी एकवीस मिलिमीटर खाली बसली, स्पीडोमीटर खऱ्या शंभरला १०६-१०७ दाखवणार, हायवेला इंजिन उगाच जास्त फिरणार, आणि चाकाच्या कमानीत मोठी पोकळी दिसणार ती वेगळीच. मापातलं व्हीआर पण समजून घ्या, त्या काळी टायरच्या मापात व्ही म्हणजे ताशी २१० किलोमीटरच्या वर असा मोघम अर्थ होता, आजच्या पद्धतीत एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००. गाडीचा टॉप स्पीड तुम्ही कधी गाठणार नसलात तरी अक्षर खाली आणू नका, आणि लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा.

आनंदाची गोष्ट अशी की बरेच जुने पॅटर्न आजही ताज्या रबरात नव्याने बनतात. मिशेलिन एक्सडब्ल्यूएक्स, जो फेरारी डेटोनावर २१५/७० व्हीआर १५ मापात यायचा आणि फेरारी ३०८ वर १४ इंचात, तो आजही मिळतो. पिरेलीच्या कोलेझिओने नावाच्या मालिकेत जुने चिंतुराटो आणि पी ७ आहेत, १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटाश एलपी ४०० एस ला मागे जो ३४५/३५ मापाचा १५ इंची अवाढव्य टायर होता त्याच घराण्यातले. दिसायला तेच, आत नवं. आणि हे फक्त दिसण्यासाठी नाही हो, जुन्या गाडीचं सस्पेन्शन त्या उंच, लवचिक साइडवॉलला धरून बसवलेलं असतं. एक्सडब्ल्यूएक्ससारखा टायर सुटायच्या आधी सांगतो, हळूहळू घसरायला लागतो, तुम्हाला सावरायला वेळ देतो. त्याच गाडीला आजचा रुंद, चिकट, कडक बाजूंचा टायर लावला की ग्रिप वाढते पण सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो, स्टिअरिंग जड होतं आणि तो सगळा जास्तीचा ताण बेअरिंग, हब आणि तारांच्या चाकाच्या तारांवर येतो, ज्या त्या ताणासाठी बनवलेल्याच नव्हत्या. मापापेक्षा रुंद टायर लावू नका हे मी चारचारदा सांगेन.

एक सापळा टीआरएक्सचा. फेरारी मॉन्डियल ८, बीएमडब्ल्यूची ई २४ अशा काही गाड्यांना मिशेलिनचे टीआरएक्स टायर आणि मिलिमीटरमधली रिम आहे, ३९० मिलिमीटर म्हणजे साधारण १५.३५ इंच. त्यावर १५ इंचाचा बसत नाही आणि १६ चाही नाही, कडेचा आकारसुद्धा वेगळा. कोणी ठोकून बसवतो म्हणाला तर गाडी घेऊन निघा तिथून. एकतर नव्याने बनलेले टीआरएक्स घ्या, नाहीतर रिम बदला आणि मूळ रिम जपून ठेवा.

दुसरा सापळा ‘नवा जुना माल’. १९८५ चा टायर, कधीच न वापरलेला, कागदाचं लेबलसुद्धा लागलेलं, असा विकायला येतो. प्रदर्शनाच्या सेटसाठी तो सोनं आहे, रस्त्यासाठी तो चाळीस वर्षांचा टायरच. आणि नव्याने बनलेला पॅटर्न घेतानाही पैसे द्यायच्या आधी डीओटीच्या आकड्यांचा फोटो मागा, कारण ही मापं कमी खपतात आणि कधीकधी गोदामात चार-पाच वर्षं पडून राहिलेली असतात. चारही टायर एकाच वेळी बदला, निदान एका ॲक्सलवर तरी दोन्ही सारखे. क्रॉसप्लाय (आतल्या धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे) आणि रेडियल (धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे) मिसळायचे नाहीत, विशेषतः पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय तर कधीच नाही, वळणावर गाडीची शेपूट निघून जाते.

बसवताना रिमकडे आधी बघा. तारांच्या चाकाला बहुतेक वेळा ट्यूब लागते, तारांची टोकं ट्यूबमध्ये घुसू नयेत म्हणून आत रबरी पट्टी लागते, आणि दोन्ही नवीन घ्यायचं. ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आत हात फिरवा, तिथे कागदी स्टिकर असला तर तो काढाच, त्याच्या कडेला घासून घासून ट्यूब पंक्चर होते आणि मग लोक महिनोनमहिने तारांना दोष देत बसतात. मॅग्नेशियमची जुनी रिम असेल तर रंगाखाली गंज आणि तडे असू शकतात, टायर निघालेला आहे तोवरच रंग शिरवून करतात ती तड्यांची तपासणी करून घ्या, अशी संधी परत लवकर येत नाही. ट्यूबलेस असेल तर रबरी व्हॉल्वही नवीन, तोही टायरइतकाच म्हातारा झालेला असतो. बॅलन्सिंगला तारांच्या चाकासाठी योग्य कोन (चाक मधोमध धरणारा शंकूच्या आकाराचा तुकडा) वापरतात का ते विचारा, नाहीतर चाक मशीनवरच वाकडं बसतं. हवा गाडीच्या मूळ हँडबुकप्रमाणे, टायर थंड असताना. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ सारख्या गाडीत मागे पुढच्यापेक्षा जास्त हवा हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, चारही चाकांत सरसकट सारखी भरू देऊ नका.

पहिले दोनेकशे किलोमीटर सांभाळून. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला थर ट्रेडवर असतो, तो घासून जाईपर्यंत टायर निसरडा असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने परत बघा, मधोमध एकच मोठा नट असलेलं चाक असेल तर तो परत घट्ट करा, मऊ धातूच्या हातोडीने.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर हवा तीन बारच्या आसपास वाढवा, साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, म्हणजे खालचा भाग चपटा होत नाही. चपटा झाला असेल आणि वीस-तीस किलोमीटर चालवून गरम झाल्यावर थरथर गेली तर ठीक, नाही गेली तर तो चपटेपणा कायमचा. आणि शक्य असेल तर महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवा, टायर दबू-सुटू देत, मेण वर येऊ दे.

राहिली स्टेपनी. ती मूळची, फॅक्टरीतली असेल तर तिला डिकीतल्या तिच्या जागी राहू दे, तिथेच ती शोभते, पण तिला दोरीने एक मोठी चिठ्ठी बांधा: फक्त दाखवायला, रस्त्यावर नाही. कारण रात्री पंक्चर झालं, तुम्ही गाडीत नसाल, दुसरं कोणीतरी चालवत असेल, तर तो माणूस ट्रेड बघेल, भरपूर आहे म्हणेल आणि लावून मोकळा होईल. लांब जायचं असेल त्या दिवशी ती काढून घरी ठेवायची आणि त्या जागी ताज्या टायरचं चाक टाकायचं. ७४ नंतरच्या बऱ्याच ९११ मध्ये घडी घालून ठेवलेली, छोट्या कंप्रेसरने फुगवायची स्टेपनी असते, तिचंही वय तेवढंच आहे, तिची घडी उघडून पहिल्यांदा हवा भरायचा प्रयोग रस्त्याच्या कडेला करू नका, घरी करून बघा, लांब उभं राहून, आणि घडीच्या रेषेवर भेगा दिसल्या तर तिलाही चिठ्ठी बांधा.